अठराव्या शतकाला दिलेली दाद

माझ्या गळ्यात गाणं नाही. वाढदिवसाच्या केकसमोर सगळे गातात तेव्हाही मला ‘तू फक्त टाळ्या वाजव’ असं सांगण्यात येतं. पण दाद देण्यात माझा हात धरणारा टेक्सासातल्या अख्ख्या प्लेनो-फ्रिस्कोत कुणी नाही, हे मी अत्यंत नम्रपणे नमूद करतो.

आमच्याकडे भारतातून कुणी गवई आला की त्याची बैठक कुणाच्या तरी घरीच होते. सोफे गॅरेजमध्ये जातात, गालिच्यावर चादरी पडतात, आणि यजमानीण मला फोन करते. “काका, तुम्ही पुढे बसा हं. मागच्या वेळी तुम्ही ट्रॅव्हल करत होता, तर बुवांनी अर्ध्या तासात चहा मागितला.” मग मी पुढे बसतो. दाद ही येरागबाळ्याची गोष्ट नाही. समेवर मान किती हलवायची, ‘वा’ कुठे लांबवायचा, कुठे नुसतेच डोळे मिटून ‘च्च’ म्हणायचं, मांडीवर थाप कधी मारायची, आणि ती शेजाऱ्याच्या मांडीवर कधी मारायची, याचा मी पंचवीस वर्षं रियाज केला आहे.

माझी बायको खरोखरचं गाणं शिकलेली आहे. ती मात्र मागे भिंतीला टेकून बसते आणि संपूर्ण मैफलीत चकार शब्द काढत नाही. एकदा घरी येताना हायवेवर तिने मला विचारलं, “तू दाद देतोस ती गाण्याला की स्वतःला?”

“दोघांनाही,” मी म्हणालो. त्या दिवशी हा हजरजबाबीपणा मला फार आवडला होता.

आमच्या गल्लीच्या टोकाला, चार घरं पलीकडे, एक पंचाहत्तरीच्या अमेरिकन बाई राहतात. आयुष्यभर शाळेत संगीत शिकवलेलं, म्हणून आम्ही घरात त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतो. ओळख तंबोऱ्यामुळे झाली. बायको सकाळी गॅरेजचं दार उघडं टाकून रियाज करत होती. बाई फिरायला निघाल्या होत्या, त्या आमच्या ड्राइव्हवेवर थांबल्या, आणि पाच मिनिटांनी आत डोकावून म्हणाल्या, “हा मधमाश्यांसारखा आवाज कशाचा आहे? मला त्याच्या शेजारी बसता येईल का?” बायकोने घडीची खुर्ची दिली. तेव्हापासून दोघींची गट्टी. मला त्यात प्रवेश कॉफी नेऊन देण्यापुरता.

बाईंच्या दिवाणखान्यात एक हार्प्सिकॉर्ड आहे. पियानोचा हा सडपातळ पणजोबा. पियानोत तारेवर हातोडी पडते, यात एक बारीकशी नखी तार छेडते. म्हणजे दिसायला पेटीसारख्या पट्ट्या आणि आत सतारीचं पोट. सूर उमटतो आणि लगेच विझतो, त्यामुळे वाजवणाऱ्याला मुरक्या घेऊन घेऊन तो जिवंत ठेवावा लागतो. बाईंचं हे वाद्य त्यांच्या नवऱ्याने स्वतः बांधलं होतं. तो इंजिनिअर. रिटायर झाल्यावर सुटे भाग मागवून, दोन वर्षं गॅरेजमध्ये गाडी न ठेवता, त्याने ते उभं केलं. झाकणाच्या आतल्या बाजूला निळा रंग दिला, आणि एका कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही असा, आपल्या कुत्र्याचा चेहरा काढला.

तो गेल्याला तीन वर्षं झाली. आणि मागच्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून घसरून बाईंचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण अनामिका पहिल्यासारखी चालेना. नवऱ्याचा आवडता एक संथ तुकडा होता, त्यात मधोमध त्या बोटाची एक लांबलचक मुरकी येते. तिथे गाडी अडायची. दोनदा त्यांनी चार लोकांना बोलावून वाजवून पाहिलं, दोन्ही वेळा तिथेच थांबल्या. आता एक कॉलेज ते वाद्य न्यायला तयार होतं. ट्रकही ठरला होता.

“एकदा शेवटचं बघणार आहे,” त्यांनी बायकोला सांगितलं. “लोकांसमोर तो तुकडा शेवटापर्यंत गेला, तर वाद्य राहील. नाही गेला, तर त्याच्या पुढच्या आठवड्यात गुरुवारी ट्रक. मी त्याला फर्निचर म्हणून ठेवणार नाही.”

आम्हाला हाताने लिहिलेलं निमंत्रण आलं. रविवारी दुपारी चार. अठराव्या शतकातल्या उमरावांच्या घरी होत असे तशी खाजगी संगीतसभा. फोन दाराजवळच्या टोपलीत ठेवावेत.

अठरावं शतक! उमराव! मी वरच्या मजल्यावर धावलो. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात मी एकदा सरदार झालो होतो. चार वाक्यं होती, पण अंगरखा जरीचा होता, आणि तो मी परत करायचा विसरलो होतो. अंगरखा, पगडी, कमरेला शेला, असा मी जिन्यावरून उतरलो.

“काढ ते,” बायको म्हणाली.

“अगं, अठरावं शतक आहे.”

“त्यांचं अठरावं. तुझं नाही. आणि अजून एक. तिथे तोंडातून आवाज काढायचा नाही. ‘वा’ नाही, ‘च्च’ नाही, मांडी नाही.”

“आणि अगदीच राहवलं नाही तर?”

“तर शेवटी टाळ्या. सगळ्यांनी वाजवल्या की. सगळ्यांनी, कळलं का?”

बाईंच्याकडे आठ माणसं होती. खुर्च्यांच्या दोन सरळ रांगा. पुढे मधोमध एक रिटायर्ड डेंटिस्ट. ते बाईंचे जुने स्नेही, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर, डोळे मिटलेले. माझ्या शेजारच्या बाईंनी खोकल्याची गोळी काढली, आणि तिचा कागद त्या इतक्या हळू सोडवत होत्या, की मला वाटलं आता वर्ष उलटेल. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसलो.

पहिले दोन तुकडे छान झाले. मग तो संथ तुकडा सुरू झाला.

काय सांगू! रिकाम्या घरात कुणी एकेक दिवा लावत जावा तसे सूर. एक विझतो न विझतो तोच दुसरा. मी आपला सम शोधतोय. सम काही सापडेना, पण ती कुठेतरी जवळच आहे असं सारखं वाटत होतं. आणि मग बाईंनी वरून खाली एक अशी सरळ, साधी, नितळ उतरण घेतली आणि एका सुरावर येऊन अलगद टेकल्या. झालं. माझे दोन्ही हात मांड्यांखालून कधी सुटले मला ठाऊक नाही.

“वाऽऽ! क्या बात है!”

आणि मांडीवर थाप. माझ्या नाही. खोकल्याच्या गोळीच्या.

तुकडा संपला नव्हता. अर्धाही झाला नव्हता. त्या बाई किंचाळल्या, गोळी उडाली. डेंटिस्टांनी डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं, जसं बोट चावणाऱ्या पेशंटकडे पाहत असतील. बाईंचे हात पट्ट्यांवरून उचलले गेले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, मुरकीपाशी आल्या, अनामिका अडखळली. पुन्हा. पुन्हा अडखळली. मग त्यांनी झाकण अगदी हळू खाली केलं, निळा रंग आणि तो कुत्रा आत गेला, आणि त्या म्हणाल्या, “चहा घेऊ या.”

प्लेनोत कुणी चालत नाही. आम्ही त्या दिवशी चार घरांचं अंतर चाललो, आणि ते ऑस्टिनइतकं लांब होतं. दारात किल्ली लावताना बायको एवढंच बोलली, “येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी ट्रक आहे.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसनंतर मी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन एकटाच बाईंच्या दारात उभा राहिलो. वाटेत चांगलं दोन पानी भाषण पाठ केलं होतं. बाईंनी दार उघडलं, डबा घेतला, एक शंकरपाळा तोंडात टाकला आणि माझं भाषण सुरू व्हायच्या आत विचारलं, “काल तू काय ओरडलास?”

मी सांगितलं. आमच्यात वाजवताना मध्येच बोलतात, न बोलणं म्हणजे अपमान, गवयाला वाटतं लोक झोपले, वगैरे.

“ते कळलं. कुठल्या जागेला ओरडलास?”

आता आली पंचाईत. मी ती उतरण गाऊन दाखवली. बाई इतक्या हसल्या, की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. पण त्यांनी ती जागा ओळखली. डाव्या हाताने वाजवूनही दाखवली.

“ती जागा चांगलीच आहे,” त्या म्हणाल्या. “नवऱ्यालाही तीच आवडायची. तो गॅरेजमध्ये सुतारकाम करत असायचा, मी इथे वाजवायची. ही जागा आली की तो तिकडून ओरडायचा. करवत चालू असली तरी. तो गेल्यापासून या घरात कुणी ओरडलं नव्हतं.”

मी डब्यातला एक शंकरपाळा स्वतःच्याच तोंडात टाकला.

“तुझ्यामुळे मी थांबले नाही,” बाई पुढे म्हणाल्या. “त्याआधीही दोनदा तिथेच थांबले होते. तेव्हा तू नव्हतास. लोक इतके गप्प बसतात ना, की मला संगीत ऐकूच येत नाही. फक्त ते बोट ऐकू येतं. आता हे, आता हे येईल, असं.” त्यांनी अनामिका वर करून तिच्याकडे पाहिलं, वर्गातल्या वांड पोराकडे पाहावं तसं. “आणि गंमत माहीत आहे? मी निमंत्रणात लिहिलं अठरावं शतक. पण तेव्हा कुणी असं बसतच नव्हतं! उमरावांच्या घरी वादक एका कोपऱ्यात, आणि बाकी लोक पत्ते खेळतायत, चॉकलेट पितायत, लग्नं जुळवतायत, कुत्री टेबलाखाली. आवडलं तर ओरडायचे, नाही आवडलं तर गप्पा. वादक बिचारे नोकरांच्या पंगतीत जेवायचे. देवळासारखं शांत बसायची पद्धत बरीच नंतरची.”

“बाई,” मी उठून उभा राहिलो, “येता रविवार माझ्यावर सोपवा.”

“अरे देवा,” बायको म्हणाली, मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा.

पण मला आता कोण अडवणार? मी खुर्च्यांच्या रांगा मोडल्या. पत्त्यांची दोन टेबलं मांडली. चॉकलेट ठेवलं, चिवडा ठेवला, काजूकतली ठेवली. खोकल्याच्या गोळीवाल्या बाईंना मुद्दाम फोन करून कुत्रा आणायला सांगितलं. आणि अंगरखा घातला, पगडीसकट. ऐन उन्हात चार घरं चालत जाताना एक डिलिव्हरीवाला गाडी थांबवून बघत राहिला. मी त्याला मुजरा केला.

सगळे जमल्यावर मी पाहुण्यांची तालीम घेतली. ‘वा’ कसा म्हणायचा. पोटातून. ओठ गोल. डेंटिस्टांनी तीनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाले, “चाळीस वर्षं मी लोकांना तोंड उघडायला सांगितलं. माझी पाळी येईल असं वाटलं नव्हतं.” मी म्हणालो, “डॉक्टर, दुखणार नाही.”

बाई वाजवायला बसल्या. मी वाद्याशेजारी उभा. पहिल्याच उतरणीला मी हात उंच केला आणि आठ अमेरिकनांनी एका सुरात ‘वा!’ केलं. कुत्रा भुंकला. बाई हसल्या. पुढच्या वळणावर पुन्हा ‘वा!’ पुन्हा कुत्रा. मंडळी रंगात आली. आता ती माझ्या हाताचीही वाट बघेनात. प्रत्येक ओळीला ‘वा’, मध्येच ‘क्या बात’, डेंटिस्ट टेबलावर थापा मारतायत. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी दुसऱ्या तुकड्यालाही हात वर केला आणि तेव्हा माझी नजर बाईंच्या चेहऱ्यावर गेली.

त्या हसत होत्या. पण ते शाळेतल्या बाईंचं हसणं होतं, मुलांचा कार्यक्रम बिघडलेला असताना पहिल्या रांगेत बसून हसतात तसं. आणि त्या भराभर वाजवत होत्या. आवाजाच्या मागून फरफटत जात असल्यासारख्या. रांगेतल्या शांततेत त्यांना बोट ऐकू येत होतं, आता काहीच ऐकू येत नव्हतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे लोक त्यांच्याकडे बघतच नव्हते. सगळे माझ्याकडे बघत होते.

मागून बायको आली. तिने माझा वर केलेला हात कोपरापाशी धरून खाली आणला, कुणाला न दिसेल असा. “चल, पत्ते खेळ जरा,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून मी मुकाट गेलो.

तिने मला डेंटिस्टांसमोर बसवलं. बाकीच्यांना चिवड्याची वाटी दिली, कुणाला कॉफी विचारली, कुत्र्याला टेबलाखाली बसवलं. मी पगडी काढून मांडीवर ठेवली. डेंटिस्टांनी पत्ते वाटले. हळूहळू बोलणी सुरू झाली. कुणाच्या सुनेला नोकरी लागली होती, कुणाच्या छपराला गारांनी भोकं पडली होती आणि विम्यावाला फोन उचलत नव्हता. चमचे वाजत होते. पाच-सात मिनिटं कुणी वाद्याकडे पाहिलंच नाही. बाई हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत होत्या. बायको जाऊन त्यांच्या मागे भिंतीपाशी बसली, तिच्या नेहमीच्या जागेसारख्या जागी.

आणि मग काही न सांगता बाईंनी तो संथ तुकडा सुरू केला.

कुणी थांबलं नाही. विम्यावाल्याची गोष्ट चालूच होती. मी हातात बदाम राणी धरून बसलो होतो आणि माझे कान भिंतीकडे होते. ती उतरण आली, ती माझी उतरण, आणि मी ओठ असे घट्ट दाबले की डेंटिस्टांना वाटलं माझ्याकडे हुकूम आहेत. तुकडा पुढे गेला. आता मुरकी येणार. मी पगडी घट्ट धरली.

मुरकी आली नाही.

बाई थांबल्या. अडखळल्या नाहीत, थांबल्या. आधीचा सूर विझू दिला, तो अगदी दिसेनासा होईपर्यंत वाट पाहिली, आणि मग त्या सगळ्या नक्षीच्या जागी एकच सूर ठेवला. उशिरा. उंबऱ्यावर कुणी जरा थबकून घरात पाऊल टाकावं, तसा.

“आहा.”

भिंतीपासून आलं. इतकं हळू, की पत्त्यांच्या टेबलावर ते फक्त मला ऐकू आलं असेल. पंचवीस वर्षांच्या संसारात माझ्या बायकोने कुठल्या मैफलीत आवाज काढलेला मी कधी ऐकला नव्हता. भारतातल्या मोठमोठ्या बुवांसाठीही जो निघाला नाही, तो तिने तिथे काढला.

बाईंचे खांदे खाली आले. त्या संगीतात प्रत्येक भाग दोनदा वाजवायची रीत आहे. तीच जागा पुन्हा आली. या वेळी बाई आणखी थोडं थांबल्या, अगदी मुद्दाम, अगदी लबाडीने, मान किंचित वळवून मागे भिंतीकडे पाहिलं, आणि मग सूर ठेवला. मला बायकोचा चेहरा दिसत होता. तिने डोळे मिटले होते आणि मान हलत होती.

तुकडा शेवटापर्यंत गेला. संपला. बाकी कुणाला कळलंच नाही, त्यामुळे टाळ्याही पडल्या नाहीत. बाई पट्ट्यांवर हात ठेवून तशाच बसून राहिल्या.

“तुझी पाळी,” डेंटिस्ट मला म्हणाले.

मी राणी टाकली. ती चुकीचीच पडली.

सोमवारी बाईंनी कॉलेजला फोन करून ट्रक कॅन्सल केला. तिथला माणूस भला निघाला. “काही हरकत नाही, पण आम्हाला कधी ऐकायला बोलवा,” म्हणाला. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार वाजता बाईंकडे सभा असते. पत्त्यांची टेबलं तशीच राहिली आहेत, चिवडा आमच्याकडून जातो, आणि कुत्र्याला कायमचं निमंत्रण आहे. ज्याला ‘वा’ म्हणावंसं वाटेल त्याने म्हणावं, पण स्वतःच्या वेळेला, असा बाईंचा नियम आहे. डेंटिस्ट महिन्याला सरासरी एक म्हणतात, आणि तो चांगला असतो.

मला बाईंनी पानं उलटायचं काम दिलंय. पान उलटणाऱ्याने बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि शक्यतो श्वासही जपून घ्यायचा, असं त्यांनी मला बजावलं आहे. “तुझ्यासाठी घरातली सगळ्यांत सुरक्षित जागा,” असं त्या म्हणाल्या, आणि बायको इतकी हसली, की मला ही कल्पना कुणाची ते कळलं. अंगरख्याला मात्र परवानगी आहे. मी तो घालून डावीकडे उभा राहतो, उमरावाच्या घरच्या नोकरासारखा, आणि सगळं फार जवळून ऐकतो.

गेल्या महिन्यात मी एकदा पान उलटायला चुकलो. बाईंनी उतरणीची ती जागा घेतली तेव्हा माझे दोन्ही हात, आवाज न करता, माझ्याच मांडीवर पडले होते.